आठ भयांच्या मधोमध

दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात उतरलात, तर जनपथावरचं राष्ट्रीय संग्रहालय फार लांब नाही. तिथे सारनाथचं गुप्तकालीन बुद्धशिल्प आहे. झुकलेल्या पापण्या, ओठांवर जेमतेम हसू. त्यासमोर मन निवतं, हे खरंच. पण ही शांतता कुणासाठी, हे उमगायला छत्रपती संभाजीनगरला, बीबी का मकबऱ्याच्या उत्तरेच्या डोंगरात जायला हवं.

तिथल्या औरंगाबाद लेण्यांतलं सातवं लेणं साधारण सहाव्या शतकातलं. दाराच्या डाव्या हाताला करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर उभा आहे. हातात कमळाचा देठ, जटामुकुटात इवलासा अमिताभ बुद्ध. त्याच्या दोन्ही अंगांना चार-चार संकटं कोरली आहेत: आग, तलवारधारी दरोडेखोर, बेड्या, बुडणारं जहाज, पलीकडे साप, सिंह, हत्ती आणि मृत्यू. मृत्यूच्या प्रसंगापाशी पाय खिळतात. तिथे आई आहे, तिचं लेकरू आहे आणि त्या लेकरावर काळाची झडप येते आहे. संकटात सापडलेला जो तो अवलोकितेश्वराचाच धावा करतो.

ही भयं नुसती पोथीतली नव्हती. सोपारा, कल्याणच्या बंदरांतून माल घाट चढून पैठण, तेरपर्यंत जायचा. वाटेत जंगल, वाटमारे, समुद्रावर वादळ. पाचव्या शतकात श्रीलंकेहून परतणारा चिनी भिक्षू फाहियान असाच तुफानात सापडला, तेव्हा त्यानेही अवलोकितेश्वरालाच हाक मारली होती.

कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यात आणि अजिंठ्यातही हा विषय आहे. मला मात्र इथलाच सर्वांत भिडतो, कारण इथे शांत चेहरा आणि भेदरलेली माणसं एकाच शिळेत, एकाच नजरेत येतात. ती आठ भयं झाकून बघा. उरेल ती निव्वळ देखणी मूर्ती. काळ्या बेसॉल्टमध्ये जोडकाम नाही. छिन्नी चुकली की तुटलेलं पुन्हा लावता येत नाही. अशा दगडातून इतका निवांत चेहरा काढणाऱ्या कारागिराचं नाव आपल्यापर्यंत पोचलेलं नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

वेरूळ-अजिंठ्याच्या घाईत बरेच जण ही लेणी टाळतात. तसं करू नये. एक ते पाच हा पश्चिमेचा गट. सहाव्यापासूनची लेणी तिथून किलोमीटरभर पूर्वेला. आधी तिसरं लेणं बघावं. तिथे गाभाऱ्यात बुद्धासमोर गुडघे टेकलेली, हात जोडलेली माणसाएवढी बायापुरुष मंडळी आहेत. त्यांचे चेहरे नीट पाहून मगच सातव्याकडे निघावं.