नावाची सक्ती आणि जबाबदारी

इंटरनेटवर ओळख न देता वावरू द्यावे का? नाव झाकले की जीभ सुटते, बदनामी आणि फसवणूक वाढते, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा म्हणतो, भ्रष्टाचार उघड करणारा कर्मचारी किंवा घरात मारहाण सोसणारी बाई नाव झाकूनच बोलू शकते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

दक्षिण कोरियाने ओळखीची सक्ती करून पाहिली. २००७पासून तिथे मोठ्या संकेतस्थळांवर लिहिण्याआधी ओळख पटवणे सक्तीचे झाले. बेकायदा मजकूर मात्र लक्षणीय घटला नाही. लोक परदेशी सेवांकडे वळले. साठवलेली माहिती चोरट्यांसाठी घबाडच ठरते, हेही दिसले. २०११मध्ये नेट (Nate) आणि सायवर्ल्ड या तिथल्या सेवांच्या सुमारे साडेतीन कोटी वापरकर्त्यांचा तपशील फुटला. २३ ऑगस्ट २०१२ रोजी तिथल्या घटना न्यायालयाने एकमताने ही सक्ती रद्द केली. गुन्हेगाराचा माग आयपी पत्त्यावरूनही काढता येतो, याकडेही न्यायालयाने लक्ष वेधले.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तरी सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२च्या निर्देशांनुसार, वापरकर्त्याचा आयपी पत्ता झाकणाऱ्या व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते किमान पाच वर्षे जपायचे आहेत.

गुन्हा घडल्यावर, न्यायालयाच्या देखरेखीखाली ओळख शोधणे योग्यच. पण गुन्ह्याआधीच प्रत्येकाची नोंद ठेवणे म्हणजे सगळ्यांनाच संशयित मानणे होय. जबाबदारी हवी, ती माहिती साठवणाऱ्यांचीही.