भेगेतला उंदीर, सरकीतली अळी

एप्रिलमध्ये यवतमाळजवळच्या लोहाऱ्याची औद्योगिक वसाहत ओलांडली की काळं रान उघडं पडलेलं दिसतं. पऱ्हाटी उपटलेली, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. अशा रिकाम्या दिसणाऱ्या रानातच कपाशीच्या मुलखातले दोन निशाचर उन्हाळा काढतात.

पहिला मऊ केसांचा शेतउंदीर, शास्त्रीय नाव मिलार्डिया मेल्टाडा. घरच्या उंदराएवढी त्याची कुणी दखल घेत नाही. धारवाडकडे नोकरीला असलेल्या वॉल्टर एलियट यांनी त्याचं बारकाईनं वर्णन केलं. हा उंदीर खोल बीळ खणायच्या भानगडीत पडत नाही. दगडांची रास, दुसऱ्याचं सोडलेलं बीळ किंवा काळ्या मातीतली भेग त्याला पुरते. पहिल्या पावसात भेगा बुजतात आणि आतले उंदीर हजारोंनी मरतात. एलियट यांच्या नोंदीनुसार १८२६ साली तिकडे सुरुवातीचा पाऊस कमी पडला. मग उंदीर इतके माजले की पेरलेलं बी त्यांनी फस्त केलं, पुढे ज्वारीच्या ताटांवर चढून कणसं कुरतडली. शेतकऱ्यांनी धान्य देऊन वडारांकडून ते मारून घेतले, तरी संख्या घटेना.

दुसरा आहे गुलाबी बोंडअळीचा पतंग. करड्या-तपकिरी रंगाचा आणि जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा. त्याची अळी कोवळ्या बोंडात शिरते, बोंड वाढलं की शिरल्याचं छिद्रही बुजतं. वरून बोंड निरोगी दिसतं आणि फवारा आत पोचत नाही. हंगाम सरताना काही अळ्या दोन सरक्या धाग्यानं जोडून त्यांच्या पोटात सुप्तावस्थेत जातात. २०१७ मध्ये बीटी कपाशीवरही या अळीनं विदर्भात हाहाकार माजवला. त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेनं यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, ते विसरता येत नाही.

दोघांचंही पुढच्या हंगामातलं बळ रिकाम्या रानातल्या मुक्कामावर ठरतं. फरक एवढाच, की उंदराची भेग पाऊस बुजवतो, अळीचा आसरा मात्र आपणच राखून ठेवतो. पाणी देऊन मार्चपर्यंत ओढलेली फरदड, बांधावर रचलेली पऱ्हाटी आणि जिनिंगमध्ये पडून राहिलेली सरकी हे सगळे तिचे मुक्काम. म्हणून माझ्या मते अळीवरचं खरं काम फवारणीच्या आधी, डिसेंबरअखेर सुरू होतं. कपाशी वेळेत काढायची, रानात गुरं चारायची आणि पुढची लागवड जूनच्या पुरेशा पावसाआधी करायची नाही. पतंगाचं आयुष्य थोड्या दिवसांचं. पाती लागण्याआधीच बाहेर पडलेल्या मादीच्या अळ्यांना खायला काहीच मिळत नाही आणि तिची पिढी तिथेच खुंटते.