मुलींना विज्ञानाची गोडी आहेच

फेब्रुवारीच्या ११ तारखेला विज्ञानातील स्त्रिया व मुलींचा आंतरराष्ट्रीय दिवस असतो आणि २८ तारखेला राष्ट्रीय विज्ञान दिन. या दिवसांत शाळाशाळांतून प्रदर्शने भरतात, व्याख्याने होतात आणि ‘मुलींमध्ये विज्ञानाची आवड निर्माण करायला हवी’ असे आवर्जून सांगितले जाते. हेतू चांगलाच आहे. पण मुलींना मुळात ही आवड नाही, हे त्यात आधीच धरून चालले जाते. आकडे वेगळे सांगतात. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये विज्ञान शाखेत शिकणाऱ्या ५७.२ लाख विद्यार्थ्यांपैकी २९.८ लाख मुली होत्या, म्हणजे निम्म्याहून जास्त. त्याच देशात २०१८ साली संशोधन आणि विकासाच्या कामात प्रत्यक्ष असलेल्यांमध्ये स्त्रिया होत्या सुमारे १७ टक्के. आजचे संशोधक आधीच्या पिढीत शिकले, तेव्हा या तफावतीचा काही भाग काळाचा आहे, हे मान्य. तरीही एवढी मोठी दरी केवळ काळाने पडत नाही. मुली वर्गात येतात, पुढे जाताना गळतात. आणि ज्या ठिकाणी गळतात तिथे बहुधा कुठला ना कुठला नियम, अट किंवा सोयीचा अभाव आडवा आलेला असतो.

ही गोष्ट जुनी आहे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत पहिल्या आलेल्या कमला भागवत यांनी, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी यांनी, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संस्थेचे प्रमुख सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभर परीक्षेवर ठेवण्याच्या अटीवर त्यांना घेतले गेले. त्यांचे काम पाहिल्यावर रामन यांनी स्त्रियांना प्रवेश देणे सुरू केले, आणि १९३९ मध्ये कमलाबाईंनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. त्यांच्या जिद्दीचे आपण कौतुक करतो ते योग्यच आहे. पण जिच्याकडे तितकी जिद्द नव्हती, बुद्धी मात्र तितकीच होती, अशी एखादी मुलगी त्याच नकारानंतर घरी परतली असेल तर तिची नोंद कुठेच राहिलेली नाही. नकार मागे घेतला गेला तेव्हा इतर जणी आत येऊ शकल्या, हा या कथेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग.

आयआयटीतला अलीकडचा अनुभव हेच सांगतो. २०१७ मध्ये तिथे बी.टेक.ला प्रवेश घेणाऱ्यांत मुली ९ टक्क्यांच्या आसपास होत्या. २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा निर्माण करण्यात आल्या आणि दोन-तीन वर्षांत हे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. यावर पहिला आक्षेप गुणवत्तेचा येतो. या जागा मुलांच्या जागा कापून दिलेल्या नाहीत, आणि त्या मिळवायला जेईई अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण व्हावेच लागते. दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे: जागा राखल्या की आकडा वाढणारच, त्यात आवडीचा पुरावा कुठे? पुरावा असा की पात्र आणि इच्छुक मुली नसत्या तर त्या जागा रिकाम्या राहिल्या असत्या. मुलींचा कल निसर्गतःच वेगळा असता, तर तो दोन-तीन वर्षांत बदलला नसता. त्यांच्या समोरचे पर्याय तेवढे बदलले.

कल ठरतो तोही पुढे काय दिसते त्यावर. १९५२ च्या खाण कायद्याने स्त्रियांना जमिनीखालच्या खाणीत काम करायला मनाई केली होती; ती तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांपुरती शिथिल झाली २०१९ मध्ये. चंद्रपूर-वणीच्या कोळसा पट्ट्यात वाढलेल्या हुशार मुलीने इतकी वर्षे खाण अभियांत्रिकी निवडली नाही, तर त्याला आवडीचा अभाव कसे म्हणायचे? १९४८ च्या कारखाने कायद्यात संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत स्त्रियांना कामावर ठेवण्यावर बंधन होते. राज्याराज्यांनी ते हळूहळू सैल केले, पण सुरक्षित ने-आण, स्वच्छतागृह आणि पाळणाघर यांवाचून ती सूट कागदावरच राहते. मूल झाल्यावर संशोधनात पडलेला खंड हा आणखी एक अडथळा. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने अशा स्त्रियांना परत आणण्यासाठी स्वतंत्र योजना काढल्या आहेत. त्या मोलाच्या आहेत. मात्र कायम नेमणुकांच्या वयोमर्यादेत या खंडाचा हिशेब धरला जात नाही तोवर त्यांचा आधार अपुरा पडणार.

महाराष्ट्राने २०२४-२५ पासून वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ केले, हे मोठे पाऊल आहे. आता वसतिगृहांचे बघायला हवे, कारण फी माफ झाली तरी राहायची सोय नसेल तर तालुक्याच्या गावातली मुलगी जवळच्या कॉलेजात मिळेल ती शाखा घेते. आणि एक गोष्ट सरकारच्या नाही, घरच्यांच्या हातातली आहे. बारावीनंतर मुलाला जेईईसाठी आणखी एक वर्ष द्यायचे, क्लाससाठी परगावी ठेवायचे, हे अनेक घरांत सहज ठरते. मुलीच्या बाबतीत मात्र ‘वर्ष वाया जाईल’ असे म्हटले जाते. तुमच्या मुलीने ते वर्ष मागितले, तर ते तिला द्या.