तळहातातले लहान स्नायू

आपली तर्जनी दुसऱ्या हाताने हलकेच चाचपून पाहा. त्वचा आणि हाड लागेल, मांसल स्नायू लागणार नाही. बोटांत तो नसतोच. मूठ आवळण्याचे बळ कोपराखालच्या स्नायूंकडून लांब कंडरांमार्फत येते. मग सुईत दोरा ओवणे, वाती वळणे, मोदकाला पाकळ्या पाडणे ही कामे साधतात ती मुख्यतः तळहातातच वसलेल्या लहान स्नायूंमुळे.

अंगठ्याच्या मुळाशी जो उंचवटा दिसतो, तो तीन स्नायूंचा. त्यांच्यामुळे अंगठा वळून इतर बोटांच्या टोकांना भेटतो. तळव्याच्या हाडांमधले स्नायू बोटे फाकवतात आणि जवळ आणतात. मला विलक्षण वाटतात ते चार लुंब्रिकल, गांडुळासारखे बारीक. ते हाडावर नव्हे, तर कंडरांवरच उगम पावतात. पुस्तक धरताना बोटे मुळाशी वाकतात आणि पुढे सरळ राहतात, त्यात त्यांचा वाटा असतो.

उतारवयात दोन्ही हात थोडे रोडावतात, हे स्वाभाविकच. परंतु एकाच हाताच्या पाठीवर, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये खळगा दिसू लागला, करंगळी बधिर झाली, तर कोपराजवळ नस दाबली जात असण्याची शक्यता असते. तासन्‌तास खुर्चीच्या हातावर कोपर टेकून बसण्याची सवयही त्यास कारण होते. अंगठ्याखालचा उंचवटा सपाट होऊन रात्री पहिल्या तीन बोटांना मुंग्या येत असतील, तर दाब बहुधा मनगटात असतो. कधी मूळ मानेत असते, कधी मधुमेहात.

घरी एक गोष्ट पाहता येईल. दोन्ही हातांच्या अंगठा व तर्जनीच्या कडेत एकच कागद घट्ट धरावा आणि ओढावा. एका अंगठ्याचे टोकाकडचे पेर वाकले, तर तो स्नायू दुबळा झाल्याचा संशय घ्यावा. फ्रेंच चेतातज्ज्ञ ज्यूल फ्रोमां यांनी 1915 मध्ये ही खूण नोंदवली.

‘वयच झाले’ म्हणून वैद्यकीय सल्ला लांबवू नये. नसेचा पुरवठा फार काळ तुटलेला स्नायू पुढे नस मोकळी करूनही पूर्ववत होईलच असे नाही. हात अचानक लुळा पडला, तर मात्र क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. आजींच्या झंपरचे हुक घाईने आपणच लावून टाकू नका. वेदना नसेल तर मटार सोलणे, वाती वळणे त्यांच्याकडेच राहू द्या. बरणीचे झाकण तेवढे आधी सैल करून ठेवा.