होम थिएटर संगणक
होम थिएटर संगणक (लघुरूप: एचटीपीसी) म्हणजे दूरचित्रवाणी संच किंवा प्रोजेक्टरला जोडून चित्रपट पाहण्यासाठी जुळवलेला वैयक्तिक संगणक होय. चित्र व ध्वनी एकाच एचडीएमआय केबलने संचापर्यंत पोहोचतात.

जुळणी
हा संगणक बैठकीच्या खोलीत असल्याने तो शांत असणे आवश्यक असते. चित्रपटातील नीरव प्रसंगात पंख्याची घरघर जाणवते. म्हणून कमी वीज वापरणारा प्रोसेसर, मोठा व संथ फिरणारा पंखा आणि फिरते भाग नसलेली एसएसडी निवडली जाते. एच.२६४ किंवा एचईव्हीसी पद्धतीने संकुचित केलेले चित्र उलगडण्याचे काम ग्राफिक्स चिपमधील स्वतंत्र विभाग करतो. चिपमध्ये त्या पद्धतीची सोय नसल्यास सर्व भार प्रोसेसरवर पडतो, तो तापतो, पंखा वेगाने फिरू लागतो व चित्र अडखळू शकते. त्यामुळे भाग विकत घेण्यापूर्वी ही क्षमता तपासली जाते.

चित्रगती
चित्रपट बहुधा सेकंदाला २४ चौकटी या गतीने चित्रित होतात. पडदा ६० हर्ट्झवर चालत असल्यास एक चौकट दोनदा, तर पुढची तीनदा दाखवावी लागते. परिणामी कॅमेरा संथपणे वळताना चित्र हिसके देते. पडदा २४ हर्ट्झवर चालवल्यास हा दोष टळतो.

इतिहास
मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये विंडोज एक्सपीची मीडिया सेंटर आवृत्ती आणली; २०१५ मधील विंडोज १० मधून ही सुविधा वगळण्यात आली. मूळ एक्सबॉक्ससाठी तयार झालेले एक्सबीएमसी हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर २०१४ पासून 'कोडी' या नावाने ओळखले जाते.