पेन ड्राइव्ह काढताना

मुलांनो, संगणकाला पेन ड्राइव्ह लावायला तुम्हां सर्वांना येते. काढायला मात्र थोड्यांनाच येते. मलाही येत नव्हते.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या वार्षिक अंकाचे काम माझ्याकडे होते. मुलांचे उर्दू लेख ‘इनपेज’मध्ये टाइप करून पेन ड्राइव्हमध्ये ठेवले होते. कल्याण स्टेशनजवळच्या एका दुकानात मी फाइल उघडली, चुका दुरुस्त केल्या, ‘सेव्ह’ केले आणि भिवंडीची बस चुकेल म्हणून पेन ड्राइव्ह उपटून धावलो. भिवंडीच्या छापखान्यात तो उघडेचना! दुसरी प्रत नव्हती. आठवीतल्या एका मुलीने आजीकडून ऐकून यंत्रमागाच्या जुन्या आठवणी लिहिल्या होत्या. तिचे कागदही रद्दीत गेले होते, आणि आजी गावी परतली होती.

असे का झाले? संगणकाच्या मानाने पेन ड्राइव्हमध्ये लिहिण्याचे काम फार संथ असते. म्हणून संगणक काही माहिती थोडा वेळ स्वतःच्या स्मृतीत धरून ठेवतो आणि मागाहून लिहितो. पडद्यावर काम संपलेले दिसते, पण आत ते चालूच असते. शिवाय कोणती फाइल कोठे ठेवली आहे, याची एक नोंदवही पेन ड्राइव्हमध्ये असते. ग्रंथालयात नवी पुस्तके कपाटात लावली आणि नोंदवही अर्धवट राहिली, तर पुस्तक असूनही सापडत नाही. तसेच येथे होते.

गंमत अशी, की यू.एस.बी. जोडणी मुळात चालू संगणकाला लावता-काढता यावी अशीच केलेली आहे. तिचा पहिला आराखडा १९९६ साली जाहीर झाला. इंटेल कंपनीत हे काम करणाऱ्यांत अजय भट्ट हे प्रमुख अभियंते होते. त्यांचे शिक्षण बडोद्याला झाले. साध्या जोडणीत धातूच्या चार पट्ट्या असतात. कडेच्या दोन विजेच्या, मधल्या दोन माहितीच्या. कडेच्या पट्ट्या किंचित लांब असतात. त्यामुळे लावताना वीज आधी जोडली जाते आणि काढताना शेवटी तुटते. घाईने ओढल्यास यंत्राला सहसा इजा होत नाही. इजा होते ती माहितीला.

म्हणून आधी पेन ड्राइव्हमधील सर्व फाइली बंद करा. पडद्याच्या खाली उजव्या कोपऱ्यात पेन ड्राइव्हचे छोटे चित्र असते. ते दिसत नसेल, तर शेजारच्या लहान बाणावर टिचकी मारा. चित्रावर टिचकी मारून ‘इजेक्ट’ निवडा आणि काढण्यास हरकत नाही, असा संदेश येऊ द्या. ‘वापर चालू आहे’ असा संदेश आला, तर एखादी फाइल उघडी राहिली आहे असे समजा. ती सापडत नसेल, तर सरळ संगणक बंद करा आणि मग पेन ड्राइव्ह काढा.

विंडोज १० च्या २०१८ च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीपासून पेन ड्राइव्हसाठी माहिती अशी धरून ठेवणे मुळातच बंद असते. तरीही फाइल लिहिली जात असताना तो ओढला, तर ती बिघडू शकते. शिवाय दुकानातला संगणक किती जुना आहे, हे आपल्याला कोठे ठाऊक असते?

पेन ड्राइव्ह बिघडलाच, तर संगणक कधी कधी विचारतो, “फॉरमॅट करू का?” त्या वेळी ‘नाही’ म्हणा आणि त्यात नवे काही लिहू नका. जाणकाराला गेलेल्या फाइली काही वेळा परत मिळवता येतात. छापखान्यात मी घाबरून ‘हो’ म्हटले होते.