एस. टी.ने पाहावा आपला मुलूख

मनमाड स्टेशनवर रोज किती तरी गाड्या थांबतात. कोणी मुंबईकडे, कोणी भुसावळकडे, कोणी दौंडकडे, तर कोणी नांदेडकडे जाणारी. खिडकीत बसलेला प्रवासी घाईघाईने चहा पितो, पाटी वाचतो आणि पुढे जातो. पुढे कोणी विचारले, "मनमाड पाहिले का?" तर तो म्हणतो, "हो, पाहिले ना!" हे ऐकून आपल्याला हसू येते. रेल्वेपुलांचे लोखंडी गर्डर जेथे बनतात तो कारखाना त्याने पाहिलेला नसतो. धान्याची प्रचंड गोदामे पाहिलेली नसतात. गुरुद्वाऱ्यातील लंगर, जेथे कोणीही जमिनीवर बसून जेवू शकतो, तोही पाहिलेला नसतो. पाण्यासाठी या गावाने वर्षानुवर्षे काय सोसले, हे तर त्याला ठाऊकच नसते. मग त्याने पाहिले काय? एक पाटी!

आता स्वतःला विचारा. येवला, लासलगाव, मालेगाव ही गावे आपल्यापासून तास-सव्वा तासाच्या अंतरावर आहेत. त्या गावांतील लोक सकाळी काय खातात, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

अमेरिकेत मोटार घेऊन जवळपासची लहान गावे पाहत हिंडण्याची अनेकांना आवड असते. तेथे १९२६ साली शिकागोहून लॉस एंजेलिसकडे जाणाऱ्या एका रस्त्याला '६६ क्रमांकाचा मार्ग' असे नाव मिळाले. तो लहान गावांच्या मधून जात असे. गावकरी ज्या छोट्या खानावळीत जेवत, तेथेच प्रवासीही जेवत. पुढे रुंद महामार्ग झाले, गावे बाजूला पडली आणि १९८५ साली त्या रस्त्याचा क्रमांकही रद्द झाला. तरीसुद्धा लोक आजही मुद्दाम त्या जुन्या रस्त्याने जातात. कारण मोठा रस्ता माणसाला गावाजवळून नेतो, गावात नेत नाही. आपल्या मुंबई-आग्रा महामार्गाचेही असेच आहे. चांदवडजवळून रोज हजारो मोटारी जातात, पण अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल पाहायला त्यांतील थोड्याच आत वळतात.

आपल्याजवळ मोटार नसेना का, एस. टी. आहे. १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, यांच्या दरम्यान पहिली एस. टी. धावली. तेव्हापासून ही गाडी गावोगावी जाते. शक्यतो खिडकीजवळची जागा धरा आणि सोबत एक वही ठेवा.

पहिली सहल येवल्याची करू. मनमाड सोडले की थोड्याच वेळात अनकाई-टनकाई हे जोडकिल्ले दिसतात. तेथे डोंगरात कोरलेली जैन लेणी आहेत. येवला हे तात्या टोपे यांचे जन्मगाव. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, तीही येवल्यातच. हे तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचालच. आपण गल्लीत शिरू. तेथे घराघरांतून मागाचा आवाज येतो. येथे पैठणी विणली जाते. पैठणीच्या पदरावरचा मोर सुईने काढलेला नसतो, तो रंगीत धाग्यांच्या लहान लहान कांड्यांनी विणलेला असतो. म्हणून चांगल्या पैठणीचे नक्षीकाम दोन्ही बाजूंनी सारखेच दिसते. भरगच्च पदराच्या एका पैठणीला कित्येक महिने लागतात. विणकर काकांना नमस्कार करून विचारा, "काका, हा मोर विणायला किती दिवस लागले?" काम थांबवून ते उत्तर देतील. आपल्या हाताच्या कामाविषयी कोणी आपुलकीने विचारले, तर कोणाला आवडत नाही?

संक्रांतीच्या दिवसांत गेलात तर येवला छपरावर चढलेले दिसेल. पतंगाचा दोरा ज्या मोठ्या फिरकीवर गुंडाळतात तिला तेथे 'आसारी' म्हणतात. हलकडी वाजत असते आणि वर आकाशात पतंगांची लढाई चाललेली असते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी असते. त्या दिवशी घरोघरी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वांगी, गाजर, हरभरा, पावटा अशी मिसळीची भाजी करतात. हे सर्व त्याच दिवसांत शेतातून येते. बाजरी आणि तीळ उष्ण मानतात, म्हणून थंडीत खातात. आपल्या घरीही हिवाळ्यात बाजरीची रोटी होतेच की!

येथे थोडे भाषेकडे लक्ष द्या. उर्दूत आपण रोटी 'पकाते हैं' असे म्हणतो. मराठीत पोळी लाटतात, पण भाकरी थापतात. हा फरक उगीच झालेला नाही. गव्हाच्या पिठात चिकटपणा असतो, म्हणून ते लाटण्याखाली ताणले जाते. बाजरीच्या पिठात तो चिकटपणा नसतो. ते लाटले तर फाटते. म्हणून गरम पाण्यात मळून, तळहाताने थापून भाकरी करावी लागते. बाजरीच्या पिठात तेलाचा अंश असतो, त्यामुळे ते थोड्याच दिवसांत कडवट होते. गिरणीत बाई बाजरीचे दळण थोडेच का आणते, ते आता कळले ना? ज्या बाईला हे विचाराल तिला 'मावशी' म्हणा. मावशी म्हणजे तुमची खाला. 'बाई' म्हटले तर उत्तर मिळेल, 'मावशी' म्हटले तर भाकरीही मिळेल, असा माझा अनुभव आहे. आपण काय खावे आणि काय खाऊ नये, हे घरी शिकवलेले आहे, ते पाळावेच. पण भाकरी, पिठले आणि ठेचा यांना कोणाचीच हरकत नसते.

दुसरी सहल लासलगावची. कांद्याच्या व्यापारासाठी हे गाव देशभर प्रसिद्ध आहे. बाजार समितीत ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात. व्यापारी एकेका ट्रॅक्टरपाशी येतात, दोन कांदे हातात घेऊन दाबतात आणि बोली सुरू होते. क्षणात बोली संपते. शेतकऱ्याच्या चार महिन्यांच्या कष्टांचा हिशेब त्या क्षणात होतो. त्या वेळी त्याच्या चेहऱ्याकडे पाहा. लाल कांदा हिवाळ्यात येतो. तो टिकत नाही, मिळेल त्या भावाने विकावा लागतो. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलच्या सुमारास निघतो. तो 'कांदाचाळी'त काही महिने ठेवता येतो. चाळीच्या भिंतींना फटी असतात आणि तळ जमिनीपासून उंच असतो, म्हणजे वारा खेळतो आणि कांदा सडत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. ही बंदी मे २०२४ मध्ये उठली. शहरात कांदा स्वस्त झाला की गृहिणीला बरे वाटते, पण त्याच दिवशी लासलगावात कोणाच्या तरी घरी चूल जड होते. दोन्ही घरे आपलीच आहेत, म्हणून हा प्रश्न सोपा नाही.

लासलगावात आणखी एक नवलाची गोष्ट आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली येथे एक केंद्र सुरू केले. त्यात कांद्यावर ठरावीक प्रमाणात किरण सोडले की त्याला कोंब फुटत नाही. २००७ साली अमेरिकेला निघालेला हापूस आंबाही याच केंद्रातून गेला. कोकणचा आंबा आधी आपल्या शेजारच्या गावी आला आणि मग समुद्रापार गेला!

तिसरी सहल मालेगावची. तुमच्यापैकी अनेकांचे मामा, चाचा तेथे राहतात. म्हणून तुम्ही म्हणाल, "सर, त्यात काय पाहायचे?" पण नात्यातल्या घरी जाणे वेगळे आणि गाव पाहणे वेगळे. वर्तमानपत्रात मालेगावचे नाव आले की बहुतेक वेळा बातमी बंदोबस्ताची असते. त्यामुळे मनमाडच्या किंवा येवल्याच्या एखाद्या मुलाला ते गाव भीतीचे वाटते. मला याचे फार वाईट वाटते. ज्याने मोसम नदीच्या काठी उभे राहून यंत्रमागांची ती अखंड खडखड ऐकली आहे, त्याला ठाऊक असते की या गावाला झोपायलाही फुरसत नाही. माग रात्रंदिवस पाळ्यांनी चालतात, म्हणून चहाची हॉटेलेही उशिरापर्यंत उघडी असतात. १८५७ नंतर उत्तरेकडील अनेक विणकर कुटुंबे येथे आली. त्यांची उर्दू येथे खानदेशच्या अहिराणीला भेटली. म्हणून मालेगावची बोली ना लखनौची ना धुळ्याची, ती मालेगावचीच आहे. याच गावातील तरुणांनी थोड्याशा पैशांत 'मालेगाव के शोले' हा चित्रपट २००० साली तयार केला आणि आपल्यावरच हसून घेतले.

येथे येवल्याची वही उघडा. येवल्याचे काका 'कांडी' म्हणाले होते, मालेगावचा कारागीरही 'कांडी'च म्हणतो. मराठीत ताणाबाणा, उर्दूत ताना-बाना. एकाकडे रेशीम आणि जर, दुसऱ्याकडे बहुधा सुती आणि मिश्र धागा. एक दिवसात काही बोटे विणतो, दुसऱ्याचे यंत्र तेवढ्याच वेळात कित्येक मीटर कापड काढते. मजुरी आणि नफा मात्र दोघांनाही विचारून पाहा. उत्तर देण्यापूर्वी दोघेही जरा थांबतील.

मालेगावच्या बेकरीत नानकटाई घ्या. 'नान' हा शब्द तुम्हाला समजावून सांगायला नको. दिवाळीत शेजारच्या घरातून येणाऱ्या फराळात शंकरपाळी असते ना? तो आपला 'शकरपारा'च आहे, मराठीत येताना त्याने नाव थोडे बदलले. असे शब्द वहीत एका पानावर लिहा आणि समोर गावाचे नाव टाका. महिन्याभरात पान भरेल.

या सहलींसाठी फार पैसे लागत नाहीत. घरी सांगून जा, दोघे-तिघे मिळून जा. बाजाराचा वार कोणता, हे कंडक्टरला विचारा. बाजारच्या दिवशी गावाची सगळी चव एका जागी मिळते. आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे, हे उतरतानाच विचारून ठेवा.